इथेनॉलचा हिशेब : जमा कोणाची, नावे कोणाच्या?

(बी. कॉम. भाग २)

वाणिज्य शाखेत आल्यावर पहिल्याच महिन्यात जे शिकवले जाते ते असे की, फुकटची जमा कुठे नसते. एका खात्यावर रक्कम जमा झाली की ती दुसऱ्या कुठल्यातरी खात्याच्या नावे पडलेली असते. ते खाते सापडत नसेल तर ताळमेळ चुकला आहे असे समजावे आणि पुन्हा पहिल्या पानापासून बसावे. मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या आमच्यासारख्यांना इंग्रजी पाठ्यपुस्तकातले बरेच काही उशिरा कळले. हे मात्र लगेच कळले, कारण गावच्या वाण्याच्या वहीत आम्ही ते लहानपणापासून पाहत आलो होतो.

त्या नियमाची आठवण मला २०२५ च्या नोव्हेंबरात झाली. आमचे गाव चिकोडी तालुक्यात. घरची जमीन अडीच एकर, त्यातली दोन एकर उसाखाली. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक रस्त्यावर बसले होते. मागणी टनाला ३,५०० रुपयांची. जिल्ह्यातले रस्ते अडले, एस. टी. बंद झाली आणि मी बेळगावातच खोलीवर अडकलो. आप्पांचा रोज फोन येई. तोड कधी येणार, टोळी कुठे गेली, याचीच काळजी. शेवटी बंगळूरला मुख्यमंत्र्यांसमोर बैठक होऊन ३,३०० रुपयांवर तडजोड झाली, आणि त्यातले ५० रुपये राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून द्यायचे ठरले.

त्याच आठवड्यात माझा एक वर्गमित्र, जो या अंकाच्या कानडी विभागात लिहितो आणि माझ्याशी निम्मे मराठीत निम्मे कानडीत बोलतो, कॅन्टीनमध्ये तोंड पाडून बसला होता. त्याचे घर सौंदत्ती तालुक्यात, पीक मक्याचे. त्यांच्याकडे त्याला गोविनजोळ म्हणतात. केंद्राने मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर केला होता आणि बाजारात १,६०० ते १,८०० च्या पुढे कोणी बोलत नव्हते. मी उसाचे रडगाणे लावले होते, तो मक्याचे. मध्येच त्याने विचारले, "अरे, तुझा ऊस आणि माझा गोविनजोळ दोन्ही पेट्रोलमध्येच जाणार होते ना? मग दोघेही बुडालो कसे?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा सरकारी कार्यक्रम काही आजचा नाही. तो २००३ मध्ये नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्क्यांनी सुरू झाला. त्याच सुमारास डिझेलसाठी मोगली एरंडाचीही मोठी हवा होती. ओसाड माळावर एरंड लावायचा आणि बियांतून डिझेल काढायचे. कागदावर फार सुंदर योजना होती. ती कुठे गेली हे माळांनाच विचारावे! इथेनॉलचेही बरेच दिवस रडतखडतच चालले. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. पुढे सरकारने इथेनॉलचा खरेदी दर स्वतः ठरवायला सुरुवात केली, २०१८ मध्ये जैवइंधनाचे राष्ट्रीय धोरण आले, मळीचे, उसाच्या रसाचे आणि धान्याचे इथेनॉल यांना वेगवेगळे दर मिळू लागले, आणि गाडी सुसाट निघाली. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के झाले. वीस टक्क्यांचे मूळ उद्दिष्ट २०३० चे होते. ते २०२५ मध्येच गाठले गेले. आपल्याकडे सरकारी उद्दिष्ट मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले जाते असे फारसे घडत नाही. तेव्हा या गाडीला कोणी आणि कसले इंधन घातले, हे पाहायलाच हवे.

आता थोडा हिशेब. उसाचा रास्त व किफायतशीर दर, ज्याला गावात सगळे एफआरपी म्हणतात, तो २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. सव्वादहा टक्के उतारा म्हणजे एका टनातून साखर निघाली १०२.५ किलो. साखरेचा किमान विक्रीदर सरकारने २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला आणि २०२५ चा हंगाम सुरू झाला तरी तो तिथेच होता. गुणाकार केला तर ३,१७७ रुपये ५० पैसे. म्हणजे किमान दराने साखर विकली तर नुसत्या उसाचेही पैसे निघत नाहीत. तोडणी, वाहतूक, पगार, व्याज तर दूरच. प्रत्यक्ष बाजारात साखर याहून चढ्या भावाने जाते हे खरे, पण बँक कर्ज देताना ज्या दराकडे बघते तो डळमळीतच असतो. आता तोच एक टन ऊस साखर न करता रसापासून सरळ इथेनॉलला लावला तर साधारण ७० लिटर निघते. २०२४-२५ मध्ये रसाच्या इथेनॉलचा सरकारी दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता. गुणाकार ४,५९२ रुपये ७० पैसे. शिवाय गिऱ्हाईक ठरलेले, तीन सरकारी तेल कंपन्यांचे.

दोन्ही आकड्यांतला फरक उसाने निर्माण केला नाही, कारखान्याच्या हुशारीनेही नाही. दिल्लीत कोणीतरी कागदावर एक दर लिहिला, त्यातून तो आला. अर्थशास्त्रात याला अनुदानच म्हणतात. मात्र हे अनुदान अर्थसंकल्पात 'इथेनॉल अनुदान' म्हणून शोधायला गेलात तर सापडायचे नाही. खतांचे सापडते, अन्नधान्याचे सापडते. इथेनॉलचे सुटे सुटे तुकडे मात्र दिसतात. डिस्टिलरी उभारायला काढलेल्या कर्जावर सहा टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मे, यातले जे कमी असेल तेवढे व्याज पाच वर्षे केंद्र भरते. मिश्रणासाठी जाणाऱ्या इथेनॉलवर जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. २०२५ च्या जानेवारीत अन्न महामंडळाचा तांदूळ डिस्टिलऱ्यांना किलोला साडेबावीस रुपयांनी द्यायचे ठरले, आणि त्याच आदेशात राज्य सरकारांनाही तोच तांदूळ त्याच साडेबावीस रुपयांनी. रेशनच्या पिशवीला आणि डिस्टिलरीच्या टाकीला एकच भाव! हा तांदूळ हमीभावाने विकत घेऊन, साठवून, वाहून आणायला सरकारला याहून पुष्कळ अधिक खर्च येतो. रेशनसाठी तो खर्च सोसावा याबद्दल माझे दुमत नाही.

पण हे तुकडे तसे किरकोळ. मोठी रक्कम मिश्रणाच्या सक्तीतच आहे. तेल कंपनीला इथेनॉल घ्यावेच लागते, ठरलेल्या दराने घ्यावे लागते, आणि पंपावर ते पेट्रोलच्याच भावाने विकले जाते. इथे कोणाच्या नावे पडते ते उघड आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी मायलेजची ओरड केली तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा काढला. त्यात मंत्रालयानेच सांगितले की ३१ जुलैला इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत, वाहतूक आणि जीएसटी धरून, लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडत होती, आणि ती आता पेट्रोलच्या मूळ किमतीहून जास्त आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. म्हणजे पेट्रोलच्या एका लिटरइतकी उष्णता इथेनॉलमधून हवी असेल तर दीड लिटर लागते, सुमारे १०७ रुपयांचे. आणि पंपवाल्याचे कमिशन व राज्याचा कर अजून लागायचाच आहे. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा वरचा असल्याने नव्या इंजिनांत थोडी भरपाई होते, हे मान्य. पण आमच्या घरची मोटारसायकल माझ्याहून दोन वर्षांनीच लहान आहे.

नीती आयोगाने २०२१ मध्ये या कार्यक्रमाचा जो आराखडा काढला, त्यात जुन्या दुचाकींचे मायलेज तीन-चार टक्क्यांनी व चारचाकींचे सहा-सात टक्क्यांनी उतरेल असे स्वच्छ लिहिले होते. त्याच आराखड्यात असेही लिहिले होते की, म्हणून मिश्रणाचे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे. यातली मिश्रणाची बाजू मुदतीआधी अमलात आली. स्वस्ताईची बाजू आराखड्यातच राहिली.

माझ्यापुढे या घडीला दोन पावत्या आहेत. एक आप्पांच्या ऊसबिलाची: वजन, दर, सोसायटीची कपात, हाती पडलेली रक्कम. दुसरी पंपावरची: लिटर, दर, रक्कम. एकीवर घेणारा आमचा कारखाना, दुसरीवर देणारा मी. इथेनॉल हा शब्द दोन्हींवर नाही. उसाचा दर उताऱ्यावर ठरतो आणि उतारा असतो साखरेचा. साखर कमी करून इथेनॉलकडे वळवली तर ती उताऱ्यात परत धरण्याची पद्धत आहे. पण इथेनॉलच्या वाढीव दरातले शेतकऱ्याचे किती, हे सांगणारा रकाना बिलावर नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि तिच्या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाचा धरावा असे सुचवले होते. तो हिशेब गावात कोणाला समजत नाही, आणि कारखान्याच्या कार्यालयात कोणाला सांगायला वेळ नसतो. तीन वर्षांपूर्वी आमचे बिल चार महिने लांबले होते. माझी प्रवेश फी आप्पांनी सोसायटीकडून व्याजाने आणून भरली. त्या चार महिन्यांचे व्याज अर्थात आमच्याच नावे.

एवढे लिहून कोणाला वाटेल की लेखक इथेनॉलचा शत्रू आहे. तसे मुळीच नाही. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलातले ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०१४-१५ पासूनच्या अकरा वर्षांत इथेनॉलमुळे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले. साखरेचे ढीग गोदामात पडून राहायचे आणि ऊसबिले थकायची, तो प्रकार इथेनॉल आल्यावर कमी झाला हेही आम्ही पाहिले आहे. बिल लवकर आले की दिवाळीला घरात काय फरक पडतो, हे शहरातल्या टीकाकारांना सांगून कळणार नाही. माझी तक्रार अनुदान देण्याबद्दल नाहीच. ते लपवून देण्याबद्दल आहे. जे अनुदान खतावणीत नाही त्यावर चर्चा होत नाही, त्याला मुदत नसते, ते कोणाला किती पोचले हे तपासता येत नाही. आणि देणाऱ्याची मर्जी फिरली तर ते एका रात्रीत काढूनही घेता येते.

मर्जी फिरते. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर महागण्याची भीती वाटू लागली, पुढे लोकसभा निवडणूक होती. ७ डिसेंबर २०२३ ला आदेश निघाला : उसाच्या रसापासून इथेनॉल करायचे नाही. आठवड्याभरात तो सैल करून १७ लाख टन साखरेपुरती मुभा दिली, आणि पूर्ण बंदी उठायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. दरम्यान सरकारच्याच व्याज-सवलतीच्या भरवशावर कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलऱ्यांचे काय? आणि रसाची तूट भरून कशी काढली? मक्याने. मक्याच्या इथेनॉलचा दर वाढवत ७१ रुपये ८६ पैशांवर नेला. मका एवढा ओढला गेला की एरवी मका बाहेर पाठवणाऱ्या आपल्या देशाने २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून तो मागवला. कोंबडीवाले खाद्य महागल्याची ओरड करू लागले. भाव बघून शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, माझ्या मित्राच्या वडिलांनीही. पुढच्याच वर्षी पीक भरघोस आले आणि भाव कोसळला. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी मागितले होते १,०५० कोटी लिटर, आणि डिस्टिलऱ्यांनी देऊ केले १,७७६ कोटी लिटर. ज्या ७२ टक्क्यांवर धान्याचे नाव लागले त्यातही मक्याला स्वस्त तांदळाची स्पर्धा. उसाच्या वाट्याला आले २८ टक्के. कॅन्टीनमधल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. सरकारने आम्हा दोघांनाही एकाच टाकीचे आमंत्रण दिले होते, आणि टाकी तेवढी मोठी नव्हती.

इतर देशांनी हे आपल्या आधी भोगले आहे. अमेरिकेत १९७८ पासून इथेनॉलला करात सूट होती. शेवटी शेवटी ती गॅलनला ४५ सेंट होती, आणि २०११ च्या अखेरीस ती बंद झाली. धंदा बसला का? नाही. कारण २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी मिश्रणाची सक्ती आधीच आली होती. सरकारी तिजोरीतले अनुदान गेले आणि ग्राहकाच्या खिशातले राहिले. तिथल्या मक्याचा एक-तृतीयांशाहून मोठा भाग इथेनॉलला जातो, आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांची पहिली परीक्षा अनेक दशके ज्या आयोवा राज्यात झाली ते मक्याचेच राज्य. तिथे इथेनॉलविरुद्ध बोलणे म्हणजे आमच्या तालुक्यात कारखान्याच्या चेअरमनविरुद्ध उभे राहण्यासारखे असावे. चेअरमन आणि आमदार ही दोन वेगळी माणसे असतात, हे मला तरी बरेच मोठे झाल्यावर कळले.

ब्राझीलची कथा अधिक बोलकी आहे. तेल महागल्यावर त्यांनी १९७५ मध्ये उसाच्या मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. १९८० च्या दशकाच्या मध्याला तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी नुसत्या मद्यार्कावर चालणाऱ्या होत्या. दशक संपता संपता साखरेचा भाव चढला, कारखाने साखरेकडे वळले, आणि पंपावर मद्यार्क मिळेना. रांगा लागल्या, लोकांचा विश्वास उडाला तो जवळजवळ पंधरा वर्षे. २००३ मध्ये दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी आल्या तेव्हा तो परत आला. तिथे पेट्रोलमध्ये सक्तीचे मिश्रण आहेच, पण नुसते इथेनॉलही वेगळ्या नळीने, वेगळ्या भावाने मिळते. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली असेल तर इथेनॉल भरावे, वर गेला तर पेट्रोल, हे तिथला टॅक्सीवाला पाटी बघून ठरवतो. आपल्याकडे अशी निवड मागणारी, इथेनॉलविरहित पेट्रोलही मिळावे म्हणणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. धोरण ठरवणे न्यायालयाचे काम नाही. पण सरकारला पाटी लावायला कोणी मनाई केलेली नाही. पंपाच्या पावतीवर इथेनॉल किती आणि त्याचा दर काय, एवढ्या दोन ओळी वाढवायला किती शाई लागेल?

पाण्याचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. नीती आयोगाच्याच आराखड्यात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असे दिले आहे. आमच्याकडे कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आहेत म्हणून ते जाणवत नाही. उन्हाळ्यात जाणवते. उसाला जाणारे पाणी, त्यासाठीची वीज, हेही त्या न लिहिलेल्या अनुदानातच धरायला हवे. म्हणून मला वाटते, साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीचे आणि खराब धान्याचे इथेनॉल आधी घ्यावे. मळीला दुसरे फारसे गिऱ्हाईक नाही आणि तिच्यासाठी वेगळे पाणी सोडावे लागत नाही. तिचा दर मात्र सर्वांत कमी, २०२४-२५ मध्ये ५७ रुपये ९७ पैसे. आधी साखर काढायची आणि उरल्या मळीचे इथेनॉल करायचे, हा काटकसरीचा मार्ग; त्यालाच कमी पैसे आणि अख्ख्या रसाला जास्त. रसात साखर बुडते म्हणून दर जास्त, हे कारण मला समजते. पण मग साखर बुडवायला आपण किती पैसे मोजतो, तेही लिहा.

गुर्लापूरच्या तडजोडीतले ते ५० रुपये मला यासाठीच आवडले. थोडे आहेत, पुरेसे नाहीत. पण ते राज्याच्या तिजोरीतून येणार असे वर्तमानपत्रात छापून आले, विरोधकांनी त्यावर बोलून घेतले, पुढच्या वर्षी ते द्यायचे की नाहीत यावर पुन्हा भांडण होईल. अनुदान असे असावे, भांडता येईल असे.

हा लेख मी आप्पांना वाचून दाखवला. आकड्यांच्या जागी ते मान हलवत होते, ब्राझीलच्या जागी त्यांचे लक्ष बांधावर होते. संपल्यावर म्हणाले, "ते समदं बरोबर हाय. पर ऊस तुटून गेलाय, आता खोडवा ठिवायचा का मोडून मका घालायचा, ते तुझं कॉमर्स काय म्हणतंय?" पुढच्या इथेनॉल वर्षात सरकार कुठल्या टाकीचे झाकण उघडणार आणि कुठले बंद करणार हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर निघत नाही. मित्राला विचारले, तर त्याचे वडील त्याला उलट विचारत होते : मका सोडून ऊस लावूया का?